काउंट बरोबर नाही

"आई, तीन गोष्टी करायच्या नाहीत," गाडीत बसण्याआधीच चिरंजीवांनी बजावलं. "एक, तिला प्रश्न विचारायचे नाहीत. दोन, ऑपरेशन थिएटरच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. आणि तीन, काहीही मोजायचं नाही."

"मी कशाला काय मोजू?" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पर्स बंद केली. पर्समध्ये चार सेफ्टी पिना, दोन पेनं, दोन रुमाल आणि एक वाचायचा चष्मा होता. निघण्यापूर्वी त्यांनी ते दोनदा मोजून पाहिलं होतं.

सिस्टर निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली, पण हाक काही बदलली नाही. शेजारीपाजारी सिस्टर म्हणत, दूधवाला सिस्टर म्हणे, सख्खा नवराही सिस्टरच म्हणे. चौतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती आणि तिथला एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. पेशंटचं पोट शिवण्यापूर्वी ट्रेमधलं प्रत्येक हत्यार आणि कापडाची प्रत्येक घडी मोजायची. दोन सिस्टरांनी मिळून मोजायची, तीही मोठ्यानं. सुरुवातीला जेवढं होतं तेवढं भरलं, तरच "काउंट बरोबर" म्हणायचं. ते दोन शब्द ऐकल्याशिवाय डॉक्टरांच्या हातात सुई पडत नसे. एकदा एका फार मोठ्या सर्जननं "मला विमान गाठायचंय, टाका घालू द्या," म्हणून आरडाओरडा केला होता. सिस्टरांनी त्याला अकरा मिनिटं ताटकळत ठेवलं आणि हरवलेली घडी त्याच्याच बुटाच्या तळाला चिकटलेली काढून दाखवली. चौतीस वर्षांत एकदाही त्यांचा काउंट चुकला नव्हता. लोकांच्या घरी भिंतीवर मानपत्रं असतात, सिस्टरांकडे हे एक वाक्य होतं आणि ते त्यांना पुरत होतं.

"अहो, ते काय चाललंय?" त्या एकदम मागे वळून म्हणाल्या.

मागच्या सीटवर नानांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, दचकून हात मागे घेतला. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. महिन्यापूर्वी बल्ब बदलताना ते स्टुलावरून खाली आले होते, बल्ब मात्र शाबूत राहिला होता. प्लास्टरच्या आत हाताला अशी काही खाज सुटे, की माणसानं भिंतीवर डोकं आपटावं. आत्ता त्यांच्या डाव्या हातात स्वेटर विणायची सुई होती.

"द्या इकडे. कितीदा सांगितलं, प्लास्टरमध्ये काहीही घालायचं नाही. चुकून आत गेलं तर? चौतीस वर्षं मी लोकांच्या अंगात काही राहू दिलं नाही, आणि माझ्याच नवऱ्याच्या अंगात सुई?"

"अगं, प्लास्टर म्हणजे अंग नव्हे," नाना पुटपुटले. पण सुई गेली ती गेलीच. पर्समधल्या वस्तूंची बेरीज सिस्टरांनी मनातल्या मनात एकानं वाढवली.

आजचं जेवण साधंसुधं नव्हतं. चिरंजीवांनी स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं होतं आणि दोन्ही घरांची पहिली भेट व्हायची होती. मुलगी "विमान कंपनीत" आहे एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. सिस्टरांच्या डोळ्यांसमोर गळ्यात रंगीत रुमाल बांधून हसत हसत ट्रे देणारी एक मुलगी उभी राहिली होती. तिच्याविरुद्ध त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण आपल्याशी हिचं काय जुळणार, असा एक खडा मनात राहून गेला होता. विचारायचीही सोय नव्हती, कारण अट नंबर एक.

हॉटेल युरोपियन पद्धतीचं होतं आणि शहरात त्याचं नाव होतं ते निवांतपणासाठी. एका खुर्चीचा दुसरीशी मेळ नव्हता. टेबलांवर कापड नव्हतं, रिकाम्या बाटल्यांत फुलं खोचली होती आणि दारातच पाटी होती, "घाई असेल तर बाहेर ठेवा." रविवारची दुपार असल्यानं सगळी टेबलं भरली होती, तरी कुणाला कसलीच गडबड नव्हती. दाढीवाला वेटर आला तो सरळ टेबलाशी उकिडवाच बसला.

"काय काकू, काय मूड आहे आज?"

सिस्टरांना आयुष्यात कुणी मूड विचारला नव्हता. त्या गोंधळून "बरा आहे," म्हणाल्या.

"मस्त! इथं सगळं आरामात. सूप येईल तेव्हा येईल. काटे-चमचे या पेटीत आहेत, ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यायचं. नो टेन्शन!"

त्यानं टेबलाच्या मधोमध एक लाकडी पेटी ठेवली. वरून उघडी, आत खण पाडलेले आणि खणांत काटे, सुऱ्या, चमचे रांगेनं झोपवलेले. सिस्टरांनी शपथ मोडली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी मोजलं नाही. ते आपोआप मोजलं गेलं. मोठे काटे सहा, छोटे काटे सहा, सुऱ्या सहा, मोठे चमचे सहा, छोटे चमचे सहा. एकूण तीस. नॅपकिन सहा. मग त्यांनी चटकन मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुलीकडची मंडळी आली. मुलीचे वडील वकील होते आणि ते सांगावं लागत नव्हतं. सूप येण्यापूर्वीच त्यांनी एका कुंपणाच्या भिंतीचा खटला उघडला, तो एकोणीस वर्षं चालला होता आणि ऐकणाऱ्यालाही तितकाच लांब वाटत होता. मुलीची आई मोठी पर्स मांडीवर घेऊन हसतमुखानं बसली होती, तिनं हा खटला पुष्कळदा ऐकला असावा. मुलीला तोंड उघडायला फटच मिळेना. सिस्टर तिच्याकडे चोरून पाहत होत्या. रंगीत रुमाल वगैरे काही नव्हता. नखं मात्र अगदी बारीक कापलेली होती, थिएटरमध्ये चालतील अशी. एवढा एक मार्क सिस्टरांनी मनात दिला.

सूप झालं, भाजलेला मासा झाला, चीज घातलेला बटाटा झाला. नानांनी सगळं डाव्या हातानं निभावून नेलं. शेवटी केक आला. वकीलसाहेबांचा खटला तेव्हा हायकोर्टात पोचला होता.

"एक फोटो होऊन जाऊ दे!" दाढीवाला म्हणाला.

सगळे उठून भिंतीशी उभे राहिले. "या हो व्याही, असे लांब लांब काय उभे राहता?" म्हणत वकीलसाहेबांनी नानांच्या पाठीत एक दणदणीत थाप मारली.

"आई गं!" नाना ओरडले.

"दुखलं का हो?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"छे छे, काही नाही," नाना म्हणाले आणि त्यानंतर जे गप्प झाले ते झालेच. केकसुद्धा त्यांनी मुकाट्यानं चमच्यानं खाल्ला.

दाढीवाला आवरायला लागला. बशा उचलून तो काटे-चमचे पेटीत टाकत होता. सिस्टर मुद्दाम भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होत्या. मोजायचं नाही असं त्यांनी कबूल केलं होतं, पण ऐकायचं नाही असं काही कुणी म्हटलं नव्हतं. खण्, खण्, खण्. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. आणि आवाज थांबला.

सिस्टरांनी कान टवकारले. त्यांनी वाट पाहिली, पण पुढचा आवाज काही येईना. दाढीवाल्यानं पेटी उचलली, तेव्हा त्यांची नजर ओझरती आत गेली आणि छोटे काटे पाचच दिसले. चिरंजीव त्यांच्याकडे रोखून बघत होते. गप्प बसावं, पोराचं लग्न आहे, एका काट्यानं काय होतंय, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. तोंडानं मात्र ऐकलं नाही.

"थांबा!" त्या आवाजाला थिएटरमध्ये सर्जन थांबत, वेटरची काय कथा? "काउंट बरोबर नाही."

"काय बरोबर नाही, काकू?"

"पेटीत तीस होते. आता एकोणतीस आहेत. एक छोटा काटा कमी आहे."

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले.

"असू दे हो काकू," दाढीवाला हसला. "काटे हरवतातच. महिन्याला डझनभर तरी जातात."

"डझनभर?" सिस्टर उभ्याच राहिल्या. "आणि तुम्हाला झोप लागते?"

आता त्यांना आवरणं शक्य नव्हतं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. खुर्च्या सरकवल्या. पाणी प्यायचे पेले उचलून पाहिले. मग नॅपकिन झटकले आणि त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"नॅपकिनही पाचच आहेत."

मुलीची आई लालबुंद झाली. तिनं हळूच पर्स उघडली आणि एक गाठोडं टेबलावर ठेवलं. सहाव्या नॅपकिनात दोन पाव बांधलेले होते. "राहिलेच होते... संध्याकाळी चहाबरोबर म्हणून," ती म्हणाली.

"नॅपकिन सहा. बरोबर," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा खरोखर कुणाला लाजवायचा हेतू नव्हता. पण वकीलसाहेब खुर्ची मागे सारून उठले.

"ही झडती आहे! माझ्या पत्नीची भर हॉटेलात झडती! उद्या म्हणाल, काटा माझ्या खिशात आहे!"

"आहे का?" सिस्टरांनी सरळ विचारलं. थिएटरची सवय. तिथं कुणी रागवायचं नसतं, फक्त खिसे दाखवायचे असतात.

"आई!" चिरंजीव कळवळले.

आवाजानं मालक बाहेर आले. त्यांनी पोटावरचा एप्रन सारखा केला आणि काय झालं ते ऐकून स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा मागच्या अंगणात उलटायला लावला. त्यात बटाट्याची सालं निघाली, माशाचे काटे निघाले, आणि मागच्या महिन्यात हरवलेली मालकांची किल्ली निघाली. छोटा काटा तेवढा नव्हता. इकडे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सहज आपली पेटी मोजली, तर ती सत्तावीस भरली. खिडकीजवळच्या जोडप्याकडे तेहतीस निघाले. "तुमच्याकडे आमचे आलेत!" "पुरावा काय?" असं सुरू झालं. पाच मिनिटांत अख्खं हॉटेल मोजायला लागलं. दाढीवाला कपाळाला हात लावून एका खुर्चीत बसून राहिला. निवांतपणाचे पार तीन तेरा वाजले.

"चला," वकीलसाहेब बायकोला आणि मुलीला म्हणाले. "जिथं आपल्यावर संशय घेतला जातो, तिथं नातं जोडायचं नाही."

चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आईजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आई, चुकलं असेल गं तुझं. एकोणतीसच असतील. दोन वर्षं झाली आता सोडून... वय होतं माणसाचं."

एवढा वेळ सिस्टरांना राग नव्हता की लाज नव्हती. हे वाक्य मात्र आत लागलं. त्या पेटीकडे बघत राहिल्या. खरंच चुकलं असेल का? थिएटरमध्ये नेहमी दोघी मोजत. एकीचं चुकलं तर दुसरी सांगे. निवृत्त झाल्यापासून त्या एकट्याच मोजत होत्या. पायऱ्या, गोळ्या, दुधाच्या पिशव्या. त्यांच्या आकड्याला "बरोबर" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आणि समोर पोराचं लग्न मोडत होतं. चौतीस वर्षांचं ते एक वाक्य त्यांनी मनातल्या मनात उतरवून ठेवलं आणि ओठ ओले केले.

"असेल," त्या म्हणाल्या. "कदाचित माझंच चुक—"

"तीसच होते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुपारभर जिला तोंड उघडायला मिळालं नव्हतं, ती मुलगी बोलली होती.

"बाबा, बसा तुम्ही. काकू बरोबर आहेत. बसल्या बसल्या मीही मोजले होते. बारा काटे, बारा चमचे, सहा सुऱ्या. आत्ता छोटा काटा एक कमी आहे."

"तू कशाला मोजलेस?" वकीलसाहेब खाली बसता बसता म्हणाले.

"सवय, बाबा. सुटत नाही." ती सिस्टरांकडे वळली. "काकू, मी विमानांची इंजिनं दुरुस्त करते. आमच्याकडे काम संपलं की एकूण एक हत्यार मोजून फळीवर लावायचं. एक पाना जरी कमी भरला, तरी विमान जागचं हलू देत नाही आम्ही. मागच्या महिन्यात मी एक विमान पाच तास अडवून ठेवलं होतं."

"पाच तास?" सिस्टर एक पाऊल पुढे आल्या.

"इंजिनातच होता पाना."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. बारीक कापलेली नखं पाहिली. अंगठ्याच्या नखाशी ऑइलची एक काळी रेघ होती, ती त्यांना आता दिसली. त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं. पण ते नंतर. काउंट अजून बाकी होता.

"शेवटचा कुणाच्या हातात होता?" त्यांनी विचारलं.

"केक सगळ्यांनी काट्यानं खाल्ला," मुलगी म्हणाली. "काकांनी चमच्यानं. पण फोटोला उठले, तेव्हा काटा त्यांच्या डाव्या हातात होता. परत बसले तेव्हा नव्हता."

सगळ्या हॉटेलच्या नजरा नानांवर गेल्या. नाना घामाघूम झाले होते. प्लास्टरचा हात त्यांनी टेबलावर असा ताठ धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि सांभाळायला दिला होता.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "कोपर वाकवा."

"नको."

"वाकवा म्हणते ना!"

"वाकत नाही गं!" नाना रडकुंडीला आले. "टोचतंय! खाज सुटली होती, सुई तू काढून घेतलीस. म्हणून मी दांड्याकडनं जरासा आत घातला. तेवढ्यात ह्यांनी पाठीत थाप मारली आणि अख्खाच आत गेला!"

"कधीचा आत आहे?"

"फोटोपासून."

"आणि तुम्ही गप्प बसलात? इथं लग्न मोडायला निघालंय!"

"तुला सांगायचं म्हणजे..." नाना म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं. हॉटेलातल्या सगळ्या विवाहित पुरुषांनी सहानुभूतीनं माना डोलावल्या.

"म्हणजे थाप माझी," वकीलसाहेब विचारात पडले. "म्हणजे या प्रकरणात मी सहआरोपी आहे."

सिस्टरांनी बाह्या वर सारल्या. दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा कधी उजळला नव्हता. "टेबल मोकळं करा. गरम पाणी आणा. आणि बारीक, लांब चिमटा लागेल."

आचारी बशीवर पानं-फुलं मांडायचा आपला चिमटा घेऊन धावत आला. उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी तो पुसला. मग त्या "टॉर्च" म्हणणार, तेवढ्यात प्लास्टरच्या तोंडाशी उजेड पडला. मुलीनं पर्समधली पेनाएवढी टॉर्च काढून बरोबर कोन साधून धरली होती.

"थोडी डावीकडे."

"दांडा खाली गेलाय. वरचे दाते पट्टीत अडकलेत, काकू. आधी थोडा फिरवून घ्यावा लागेल."

"दिसलं. अहो, श्वास घ्या. सोडा."

काटा बाहेर आला. हॉटेलभर टाळ्या पडल्या. आजोबांनी तर टेबल वाजवलं. सिस्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी नानांचा कोपर निरखून पाहिला, एक बारीकसा ओरखडा होता, तो पुसला. मग काटा गरम पाण्यात बुडवून पेटीत ठेवला. त्या मुलीकडे बघून थांबल्या, आणि दोघींनी एका सुरात मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.

"अठ्ठावीस. एकोणतीस. तीस."

"बरोबर," मुलगी म्हणाली.

दोन वर्षांनी कुणीतरी तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारला होता. सिस्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, तो घाण झाला नव्हता तरी.

वकीलसाहेब खाकरले. "मग... आमच्या बाजूनं झालं-गेलं विसरायला हरकत नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं?" सिस्टरांनी चिरंजीवांकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. "काउंट बरोबर आहे. घाला टाका."

चिरंजीवांना हसावं की घाबरावं कळेना. घरात आता दोघी मोजणाऱ्या होणार, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. मालकांनी सगळ्यांना कॉफी पाजली आणि जाताना दाढीवाल्यानं सिस्टरांना विचारलं, दर रविवारी येऊन पेट्या तपासाल का. सिस्टरांनी बघू म्हटलं, पण मान ताठ झाली होती.

दाराशी सगळे निरोप घेत होते. मुलगी सिस्टरांसमोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता तिनं हाताचा पंजा पुढे केला.

"काय गं?"

"काकू, चिमटा."

सिस्टरांनी पर्स उघडली. चार सेफ्टी पिना, दोन पेनं, दोन रुमाल, एक चष्मा, विणायची एक सुई. आणि आचाऱ्याचा चिमटा, व्यवस्थित पुसून ठेवलेला. तो पर्समध्ये कधी गेला, हे त्यांना आठवेना. त्यांनी तो मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवला आणि ती तो परत द्यायला धावत आत गेली.

"बघितलंत का?" सिस्टर नानांचा डावा हात धरून म्हणाल्या. मुलगी शाळेत पहिली आली की आई जशी सगळ्या आळीला सांगत सुटते, तसा त्यांचा आवाज झाला होता. "चौतीस वर्षांत मला कुणी पकडलं नव्हतं. हिनं पकडलं!"